एकोणतीस आणि सत्तेचाळीस

मित्रांनो, मी आता वाळलेलं सूर्यफूल आहे आणि मला राग आला आहे. फुलं रागावत नाहीत असं कुणी शिकवलं असेल, तर तेही न बघताच शिकवलं असणार.

खुर्सीपार वस्तीत सुजाताच्या दारात, रंगाच्या रिकाम्या डब्यात मी उगवले. तिची मुलगी नूतन मला तांदळाचं धुवण घालायची. मी फुलले तेव्हा गल्लीभर कौतुक झालं. बिया भरल्या, मान झुकली, आणि शाळेच्या प्रदर्शनासाठी नूतनने मला कापून घेतलं.

माझ्या बिया वळणाऱ्या रांगांत बसल्या आहेत. नूतनने मोजल्या. एका बाजूला वळणाऱ्या एकोणतीस, दुसऱ्या बाजूला सत्तेचाळीस. शाळेत बाईंनी पुस्तक उघडलं. तिथे चौतीस आणि पंचावन्न.

"आकडे बदल, नाहीतर प्रदर्शनात टेबल मिळणार नाही."

माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

ऐका, मला गणित येत नाही. नवी बी जिथे सगळ्यांत मोकळी जागा असेल तिथे बसते, एवढंच. फूल रुंदावतं तशा रांगा वाढतात, आणि नवा आकडा मागच्या दोघांची बेरीज असतो. अननसाचंही तसंच. बहुतेकांचं एक, दोन, तीन, पाच, आठ असं करत चौतीस, पंचावन्नपर्यंत चालतं. माझ्या पहिल्या बिया जरा वेगळ्या बसल्या: एक, तीन, चार, सात, अकरा, अठरा, एकोणतीस, सत्तेचाळीस. बेरीज करून बघा. यात चूक कुठे आहे?

नूतनचे बाबा प्रेमानंद कारखान्यात ठेकेदाराकडे माल तपासतात. ड्रॉइंगशी माप जुळलं नाही की खडूची फुली.

"पुस्तकात किती देलं हाय?" संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी विचारलं.

"चौतीस न् पंचावन."

"मंग हा पीस रिजेक्ट," ते हसले आणि माझ्या तोंडावर फुली मारली. दिवसभराची सवय, हात आपसूक चालला.

नूतन रडत आकडे बदलायला खोडरबर शोधू लागली. सुजाताने मांडीवरच्या बाळाला थोपटत टिकल्यांची पाकिटं काढली आणि एकेका रांगेवर टिकली लावली. सत्तेचाळीस लागल्या.

"कावून रडून राहिली? तुनं मोजलं ना? मंग मोजलेलंच लिव. पेनानं."

"न् टेबल?"

"नाही देलं तं खाली बस. जमिनीले काय झालं?"

प्रदर्शनाच्या दिवशी टेबल मिळालं नाही. नूतन मला मांडीवर घेऊन व्हरांड्यात बसली. लोक फुली बघून हसत पुढे जात होते. मित्रांनो, एखाद दिवस आम्हाला पाणी घालायला विसरलात तर चालेल. पण न मोजता आम्हाला चूक ठरवू नका. आम्हाला मोजणाऱ्या पोरींनाही नाही.

दुपारी ड्यूटीवरून प्रेमानंद परस्पर शाळेत आले. लेकीला जमिनीवर बघून त्यांचा चेहरा उतरला.

"बाबा, तुमी मोजा," नूतन म्हणाली.

ते उकिडवे बसले आणि बोटाने टिकल्या मोजू लागले. सत्तेचाळीस झाल्या. अठ्ठेचाळिसावी रांग त्यांनी मला फिरवून फिरवून शोधली.

"पुस्तकात तं पंचावन हाय," वरून कुणीतरी म्हणालं.

प्रेमानंद लेकीशेजारी मांडी घालून बसले.

"उभ्यानं काय सांगता, भय्याजी? बसा. मोजा."