चार झुरक्यांची टाकी

लहू मेश्राम चौतीस वर्षं वीज मंडळात होता, त्यातली एकवीस सबस्टेशनवर. हाताखालच्या पोरांना तो घसा बसेपर्यंत एकच गोष्ट सांगायचा, तपासल्याशिवाय लाइन चालू करायची नाही. त्या सवयीनं दोन-तीन घरांतले कर्ते पुरुष वाचले, हे खरं आहे. पण सवय ती सवय. ती कुठं उपयोगी आणि कुठं घातक, हे सांगायला कोणी मागं उभं नसतं.

अमेरिकेत, बेलव्ह्यूच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या अपार्टमेंटमध्ये त्याला आणि गिरजाबाईला येऊन पाच आठवडे झाले होते. त्यांचा अतुल जाऊन चार महिने. वय अडतीस. बुधवारी सकाळी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडी लावली आणि गाडीतून उतरलाच नाही. व्हिसा हातात पडेपर्यंत सगळं उरकलं होतं. आईबापांनी पोराला निरोप दिला तो नागपूरच्या खोलीत, शेजाऱ्याच्या मोबाइलवर. चित्र मध्येच अडकायचं, मग पंचशील म्हणणाऱ्यांचे ओठ हलायचे थांबायचे आणि आवाज तेवढा पुढं जायचा. आता येत्या शनिवारी सून उपासना आणि हे दोघं, अशी तिघं घर रिकामं करून नागपूरला परतणार होती.

लहूच्या छातीवर एक धोंडा होता आणि तो कुणालाच ठाऊक नव्हता.

दर रविवारी अतुलचा व्हिडिओ कॉल यायचा. नंबर ठरलेले होते, आधी बाप, मग आई. बापाची पाच मिनिटं, त्यात हवा-पाणी आणि तब्येत. आईचा अर्धा तास, त्यात सगळं जग. त्या शेवटच्या रविवारी अतुल बाल्कनीत बसला होता. बोलता बोलता त्यानं एक स्टीलची नळी तोंडाला लावली आणि स्क्रीनभर पांढरा ढग सोडला. लहूचं टाळकं सरकलं.

"बापासमोर धूर सोडतो? लाज विकून खाल्ली काय?"

अतुल हसला. "बाबा, सिगारेट सुटावी म्हणून आहे हे. चिडता काहून? बरं, आईला द्या फोन."

लहूनं फोन कापला. पुन्हा वाजला, तर आवाज बंद करून उशीखाली सरकवला. गिरजाबाई पदराला हात पुसत आली तेव्हा तो म्हणाला, "नेट गेलं."

मग बुधवार आला.

तेव्हापासून भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला गिरजाबाई एकच सांगायची. "यांचं बोलणं झालं, माझ्या वेळेला नेट गेलं. नेटनं खाल्लं जी माझं बोलणं." ऐकणारे हळहळायचे. लहू खाली जमिनीकडे बघत बसायचा. एकदाही त्याच्या तोंडून खरं निघालं नाही, आणि जसजसे दिवस गेले तसतसं ते आणखीच आत रुतलं. माणूस भित्रा असला की दुःखसुद्धा त्याला धड करता येत नाही.

इथं आल्यावर गिरजाबाईनं कपाट धरलं. अतुलचा एकेक शर्ट काढायची, नाकाला लावायची, घडी घालून परत ठेवायची. अतुल गेल्यावर पहिल्याच आठवड्यात उपासनानं सगळं धुऊन टाकलं होतं. तिचा तरी काय दोष, हातांना काही काम लागतं. शर्टांना साबणाचा वास होता, इथल्या सगळ्यांच्याच कपड्यांना येतो तसा.

"दोन वर्षांमागं घरी आला तेव्हा त्याच्या अंगाला बडीशेपेचा वास यायचा," गिरजाबाई कपाटाशी म्हणाली. "मी म्हटलं, जेवल्यावर बडीशेप खातो, चांगली सवय लागली पोराला. एवढा वास कुठं तरी राहिला असता तर मला पुरला असता."

दुसऱ्याच दिवशी स्वयंपाकघरातला खण रिकामा करताना लहूला ती टाकी सापडली. काचेची, अंगठ्याएवढी, वर काळी चोच, खाली पितळेचा आटा. तळाशी तपकिरी रस. त्यानं चोच नाकाशी नेली. अगदी पुसट, पण तोच. बडीशेप.

उपासना दारात थबकली. "अतुलच्या व्हेपची, ई-सिगारेटची आहे, बाबा. आईंना सांगू नका हं, त्यांना ते माहीतच नाही. खालच्या डिव्हाइसची बॅटरी फुगली होती, ते मी रिसायकलला दिलं. ही चुकून राहिली."

"वास कमी येते."

"थंड असताना नाहीच येत. तापल्यावर यायचा. पूर्ण बाल्कनी भरून जायची." ती सिंककडे वळली आणि तिनं उगाचच नळ सोडला. "आपल्याकडे नेता पण येणार नाही. इंडियात बॅन आहे. टाकून द्या."

लहूनं टाकी रुमालात गुंडाळून खिशात घातली. गिरजाचं बोलणं आपण खाल्लं, निदान पोराचा वास तरी तिला आणून देऊ, मग जे सांगायचं ते सांगू, असं त्याच्या मनानं घेतलं. चार महिन्यांत पहिल्यांदा त्याला करण्यासारखं काही सापडलं होतं.

व्हेपचं दुकान बसनं सहा स्टॉप लांब होतं. दारावर एकवीस वर्षांखालच्यांना प्रवेश नाही अशी पाटी, म्हणून अडुसष्ट वर्षांच्या लहूनं आधीच पासपोर्ट काढून हातात धरला. आत काचेच्या कपाटांत डबडीच डबडी. रंगीत, चकचकीत, कशावर कवटी तर कशावर ड्रॅगन.

"बाप रे, हे काय बाजार लावून ठेवलाय," तो पुटपुटला.

"काका, मराठी?" काउंटरमागची मुलगी हसली. केसांची एक बट निळी होती. "मी शिवांगी. आईबाबा सांगलीचे. मला समजतं सगळं, बोलताना थोडं मेस होतं."

लहूला हायसं वाटलं. त्यानं रुमाल सोडला. शिवांगीनं टाकी उजेडात धरून फिरवली.

"कॉइल झीरो पॉइंट वन फाइव्ह ओहम. हे बघा, इथे लिहिलंय, सिक्स्टी टू एटी वॉट. हा मोठा टँक आहे काका. तो छोटा पेनसारखा मॉड, म्हणजे खालचं बॅटरीचं यंत्र, दिसतोय ना, तो वीस वॉटचा. त्यानं नुसतं कोमट होणार, व्हेपर येणारच नाही."

"लोडपेक्षा ट्रान्सफॉर्मर लहान," लहू म्हणाला.

"एक्झॅक्टली! आणि तो ड्रॅगनवाला टू हंड्रेडचा. तेवढा तुम्हाला कशाला? हंड्रेडवाला घ्या. पंचावन्नवर सेट करून देते. टँकला हवं त्याच्या जरा खालून सुरू करायचं, हळूहळू वर."

लहूला ही पोरगी आवडली. लोड बघून यंत्र निवडायचं आणि वर थोडी जागा ठेवायची, हे त्यानं कितीतरी इंजिनीअरांना शिकवलं होतं आणि त्यातल्या निम्म्यांच्या डोक्यात ते शिरलं नव्हतं. क्षणभर तो पुन्हा कामावरचा लहू मेश्राम झाला. मग शिवांगीनं टाकी तिरकी केली आणि तिचं हसू मावळलं.

"पण काका, हे लिक्विड खूप जुनं झालंय. कॉइल पण. न्यू कॉइल टाकू, फ्रेश लिक्विड भरू?"

"नाही. हेच पाहिजे."

"हा बडीशेपवाला फ्लेवर ना? तो आता कोणी बनवत नाही. दुसरा..."

"माझ्या पोराचं आहे," लहू म्हणाला. "तो नाही आता."

शिवांगीनं कपाटातून हंड्रेडवाला मॉड काढला. मग तिनं टाकी मॉडवर हळूच फिरवून बसवली आणि त्याच्यासमोर ठेवली. "नीट ऐका हं काका. कॉइलच्या आत कापूस असतो, दिव्यातल्या वातीसारखा. या भोकांतून लिक्विड आत जातं. आता लेव्हल भोकांपाशीच आहे. म्हणजे तीन, फार तर चार पफ मिळतील. त्यानंतर वात कोरडी. कोरडी असताना बटण दाबलं की कापूस जळतो, आणि मग फक्त जळका वास. तो परत जात नाही. म्हणून टेस्ट करत बसू नका. घरी जाऊन दहा मिनिटं आडवं ठेवा, मग बटण दाबून हळू ओढा. तोंडात घ्या आणि सोडा."

"चार," लहू म्हणाला.

"तीन धरा."

बस यायला अठरा मिनिटं होती. थांब्यावर दुसरं कोणी नव्हतं. ऊन होतं, पण त्यात धग नव्हती. लहूनं यंत्र बाकावर आडवं ठेवलं आणि मनात हिशेब मांडला. दोन झुरके गिरजाचे, एक उपासनाचा. चौथा निघाला तर तोही गिरजाचाच. हिशेब चोख होता.

मग ती चौतीस वर्षांची सवय जागी झाली. समजा घरी नेलं, गिरजाला समोर बसवलं, डोळे मीट म्हटलं, आणि काहीच निघालं नाही तर? तपासल्याशिवाय कसं न्यायचं? एकदाच. चौथा नाहीतरी फाजीलच होता.

त्यानं बटण दाबलं आणि ओढलं. आत काहीतरी चुरचुरलं. ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या पाण्याआडून बडीशेप आली. पुसट नाही, थंड नाही. उबदार, दाट, अख्खी. दोन वर्षांपूर्वी नागपूर स्टेशनावर अतुलनं वाकून त्याला मिठी मारली होती, तेव्हा हाच वास लहूच्या खांद्यावर राहिला होता. तो ताठ उभा राहिला होता, कारण मिठी मारायची सवय त्याला नव्हती. आता त्याचे दोन्ही हात आपोआप वर आले आणि तसेच राहिले.

ढग विरला. थांब्यावर नुसती हवा राहिली.

दुसरा झुरका त्यानं तपासायला घेतला नाही, एवढं कबूल केलं पाहिजे. त्याला पोरगा हवा होता. अर्ध्या मिनिटासाठी हवा होता, आणि तो बटणाखाली होता. "बाबा, चिडता काहून," असं अतुल ढगामागून म्हणेल आणि आपण म्हणू, नाही रे चिडलो, बोल, असं त्याला खरंच वाटलं. तिसऱ्याला वास पातळ आला. लहू मेश्रामला पातळ सप्लायचं एकच औषध ठाऊक होतं. त्यानं आकडा वर नेला. साठ, सत्तर, ऐंशी. बटण दाबून धरलं.

घशात निखारा गेल्यासारखं झालं. पाठोपाठ वास आला, जळक्या चिंधीचा.

त्यानं पुन्हा ओढलं. जळकं. आकडा खाली आणून ओढलं. जळकं. टाकी हलवली, उलटी केली, सुलटी केली, स्वेटरला पुसली. काचेत तळाला रेघभर रस अजून दिसत होता आणि त्याचा आता काही उपयोग नव्हता. बस आली, दार उघडलं, ड्रायव्हरनं वाट पाहिली आणि बस निघून गेली. लहू बाकावर बसून होता. आधी तिचं बोलणं खाल्लं, आता तिचा वासही खाल्ला. या खेपेला तर नेटचंही नाव घेता येणार नव्हतं.

घरी गिरजाबाई खोक्यांच्या मध्ये खुर्चीवर बसली होती. उपासना बँकेत गेली होती. लहू दारातून आत आला आणि गिरजाबाईनं मान वर केली. तिच्या नाकपुड्या हलल्या. ती उठली, एका खोक्याला अडखळली, तशीच पुढं आली आणि तिनं त्याच्या स्वेटरच्या गळ्यात नाक खुपसलं.

"अतुल," ती म्हणाली.

चार महिन्यांत ती त्याच्या इतकी जवळ आली नव्हती. तिचं डोकं त्याच्या हनुवटीखाली होतं, दोन्ही मुठींत स्वेटर घट्ट धरलेला होता. खोल श्वास घेत होती ती, अधाशासारखी. "कुठून आणला जी? कुठून आणला हा?"

गप्प बसता आलं असतं. दुकानात तसला वास होता, असं सांगता आलं असतं. ती तशीच उभी राहिली असती. लहूला ते फार हवंसं वाटलं.

"गिरजा," तो म्हणाला, "नेट गेलं नव्हतं."

तिचा श्वास थांबला.

त्यानं सगळं सांगितलं. नळी, धूर, आपलं ओरडणं, उशीखालचा फोन. मग खण, टाकी, दुकान, बसचा थांबा. तिच्या वाटणीचे झुरके. सांगताना तो थांबला नाही, कारण थांबला असता तर पुढचं कधीच निघालं नसतं.

गिरजाबाईनं नाक बाजूला घेतलं, पण मुठी सोडल्या नाहीत. "शेवटी काय म्हणाला तो?"

"गिरजा, जाऊ दे..."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, आईला द्या फोन."

मुठी सुटल्या. ती दोन पावलं मागं सरली आणि त्याच्याकडे बघत राहिली. रडली नाही, ओरडली नाही. तिनं ओरडावं म्हणून लहू वाट बघत होता.

"काढा तो स्वेटर," ती म्हणाली.

त्यानं काढला. तिनं तो नाकाशी नेला. बडीशेप होती, जळकंही होतं, दोन्ही होतं. खोक्यावरची एक प्लॅस्टिकची पिशवी घेतली, स्वेटर घडी न घालता आत सरकवला आणि तोंड मुठीत आवळून धरलं, वास बाहेर जाऊ नये म्हणून. लहू शर्टावर उभा होता. त्यानं पिशवीकडे हात पुढं केला.

"तुमचं झालं ना बोलून?" गिरजाबाई म्हणाली. "आता मला बोलू द्या त्याच्याशी."

ती अतुलच्या खोलीत गेली आणि तिनं आतून दार लावून घेतलं.