पायाळू माणसाची उसण

मी पायाळू आहे. म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आले आणि डोकं मागून. आई म्हणायची, जगात यावं की नाही हे तुझं तेव्हाही नक्की नव्हतं.

आमच्या कोरेगावात पायाळूला मान असतो. पाठीत उसण भरली, की त्या माणसानं सकाळी पायाळूच्या उंबऱ्यावर बाहेर तोंड करून बसायचं आणि पायाळूनं आतून त्याच्या कमरेला डावा पाय लावायचा. लाथच, पण हलकी. मग त्यानं मागं न बघता चालू लागायचं आणि उसण पुरती जाईपर्यंत पायाळूशी बोलायचं नाही. बोललं की गुण गेला.

मला हे कधी पटलं नाही, पण तसं सांगायचा धीरही झाला नाही. माझं नाव शंभूराज, आणि त्या नावाला शोभेल असं माझ्या हातून काही घडलेलं नाही. गावच्या वाचनालयात मी ग्रंथपाल होतो. माणसं दारात येऊन बसत, मी पाय लावी, मनातल्या मनात माफी मागे आणि कामावर जाई.

निवृत्तीच्या जरा आधी वरच्या फळीवरचा कोशाचा खंड काढताना स्टुलावरून पडलो. मणक्यातली चकती सरकून शीर दाबली गेली. ऑपरेशननंतर पाठ सावरली, पण डावं पाऊल बधिर झालं ते झालंच. चप्पल निघून मागं राहिली तरी मला कळत नाही. उलट रात्री अंथरुणात तेच पाऊल तव्यावर ठेवल्यासारखं भाजतं आणि मध्येच विजेचा झटका बसावा तशी कळ पोटरीतून वर जाते. एकाच पावलाला काही कळत नाही आणि सहनही होत नाही, हे डॉक्टरांना नीट समजावून सांगणं मला जमलेलं नाही. ते म्हणाले, शिरेचं दुखणं आहे, वेळ लागेल.

गावाचं निदान वेगळं होतं. इतक्या जणांच्या उसणी ओढून घेतल्या, त्या पायात साठल्या, असं सगळ्यांचं मत पडलं. माझ्या पाठीला दुसऱ्या पायाळूचा पाय लागला पाहिजे, असं माझी बायको संयोगिता म्हणाली आणि तिच्या सांगण्यावरून मी एसटीनं पार जतला गेलो. तिथं लीलाबाई नावाची पायाळू म्हातारी होती. ती कंबर पंच्यानं आवळून बसली होती. "बरं झालं आलासा," ती म्हणाली, "आदी माजी पाठ बगा." मी तिला पाय लावला आणि परत आलो. रीतीप्रमाणं ती माझ्याशी बोलली नाही, त्यामुळं माझ्या पाठीचं विचारायचं राहून गेलं.

त्यानंतर मी पाय लावणं बंद केलं. पाय किती जोरात बसतो हे मलाच कळत नसेल, तर एखाद्याचा मणका जायचा आणि त्याच्या पायाचं माझ्यासारखं व्हायचं.

आणि परवा सकाळी वजीर उंबऱ्यावर येऊन बसला. वजीर बागवान फळांचा व्यापारी, माझा शाळेपासूनचा मित्र. दुसऱ्या दिवशी सांगलीत त्याच्या नातीचा, शिफाचा, निकाह होता आणि करंडी उचलताना त्याला उसण भरली होती. तो काटकोनात वाकला होता. मी त्याला सगळं सांगितलं. डॉक्टरकडं जा म्हणालो. निदान उजवा पाय लावतो म्हणालो.

"उजव्याला कोण इचारतंय?" तो बाहेर बघतच म्हणाला. "शंभ्या, तुझ्या पायाला कळत नसंल, माझ्या पाठीला तर कळतंय न्हवं? लाव."

मी भिंत धरली आणि पाय पुढं केला. हलकेच लावणार होतो. नेमकी त्याच क्षणी ती कळ आली, पाय आपला आपण उडाला आणि वजीर अंगणात तुळशीपाशी जाऊन पडला.

तो हळूहळू उठला, धोतर झटकलं आणि तसाच वाकून चालू लागला. मी मागून विचारलं, पायाला मुंग्या येतायत का, अंगठा हलतोय का. त्यानं नुसता हात वर केला आणि मागं न बघता गल्लीतून निघून गेला.

दिवसभर मी फोन केले. शेवटी त्याची बायको सुरय्या बोलली. तिला म्हटलं, एवढंच विचारा की पाय बधिर झालेत का. तिनं विचारलं आणि मला सांगितलं, "भावजी, ते म्हनत्यात, शंभूला म्हनावं रीत मोडू नगंस."

रात्री माझं पाऊल भाजत होतं आणि त्याच्या जागी मला वजीरचं पाऊल दिसत होतं. सकाळी सांगलीची एसटी धरली. निमंत्रण होतंच, पण मी गेलो तो त्याची चाल बघायला.

कार्यालयात वजीर खुर्चीवर बसून होता. त्यानं मला पाहिलं आणि तोंड फिरवलं. म्हणजे उसण अजून गेली नव्हती. तो उठेना, चालेना. उठता येत नसेल, असं माझ्या मनात आलं आणि मी गारठलो. त्याचे पाय समोरून दिसावेत म्हणून मी कार्यालयाच्या मागच्या बाजूला, बिर्याणीचे डेग होते तिथं, एका खांबाआड जाऊन उभा राहिलो. तिथून त्याचे बूट स्पष्ट दिसत होते. ते हलत नव्हते. मी बघत राहिलो.

एकाएकी बूट हलले. वजीर खुर्ची पाडून उठला आणि पाहुण्यांतून सरळ माझ्याकडं धावत आला.

"शंभ्या, पाय. आरं पाय बग तुझा."

मी खाली पाहिलं. डावी चप्पल कुठंतरी वाटेत राहिली होती. डेगाच्या झाकणावरून काढलेले निखारे तिथं ओतले होते आणि मी त्यांच्या कडेवर टाच टेकून उभा होतो. रोज रात्री विस्तव नसताना भाजणारं पाऊल विस्तवावर अगदी शांत होतं.

वजीरनं मला काखेत धरून उचलून बाजूला केलं आणि पाण्याच्या पिंपाशी बसवून टाचेवर तांब्यावर तांब्या ओतला. टाच थोडी पोळली होती. मला तिकडं बघायचंच नव्हतं. मी म्हणालो, "तू धावलास."

"मग काय तुला भाजू देऊ?"

"सरळ उभा आहेस."

त्यानं स्वतःकडं पाहिलं. मग कमरेवर हात ठेवला आणि त्याचा चेहरा पडला. सकाळपासून जरा उतार होता, म्हणाला, आता बोललो, आता गुण गेला. आणि खरंच तो पुन्हा हळूहळू वाकत गेला.

मी त्याला त्याचा अंगठा हलवायला सांगितला. त्यानं वैतागून बूट काढला आणि अंगठा हलवला. मग मी सांगायच्या आधी दुसराही हलवला.

"झालं समाधान?" तो म्हणाला. "आता टाच बरी झाली की सांग. उंबऱ्यावर येऊन बसतो."