ताकदीच्या गोळ्यांची वाटणी

मी साठ गोळ्यांची डबी बोलतेय. सध्या रिकामी आहे, त्यामुळे आवाज जरा घुमेल, तेवढं सांभाळून घ्या.

कारखान्यात माझ्या पोटात कॅल्शियम, ड जीवनसत्त्व असं बरंच काही भरलं आणि अंगाला गुलाबी लेबल चिकटवलं. कुवेतच्या दुकानात शरीफने मला घेतलं. "बायकोचा आवाज हल्ली फोनवर थकलेला येतो," एवढंच त्याने दुकानदाराला सांगितलं. लेबल काही वाचलं नाही. सुट्टीवर गावी निघालेल्या तमीमच्या, म्हणजे पुतण्याच्या बॅगेत मला कोंबून म्हणाला, "ताकदीच्या गोळ्या हायेत. काकीला दे."

रोह्याला पोचले तेव्हा अमीना तांदळाच्या भाकऱ्या थापत होती. सत्तेचाळीस वर्षांची, सगळं घर एकटीने ओढणारी बाई. मध्येच तिचा चेहरा तापून लाल व्हायचा. ओढणीने घाम टिपून ती पुढची भाकरी थापायला घ्यायची. तिची पाळी पंधरा दिवस थांबली नव्हती, उठताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. मला तिचं कौतुक वाटायचं आणि रागही यायचा.

आखातातून बॅग आली की शेजारीपाजारी काहीतरी द्यायचंच, ही इथली रीत. अत्तर, बाम, खजूर दोन दिवसांत संपले. तिसऱ्या दिवशी शेजारची सगुणा चार-पाच बायकांना घेऊन आली, तेव्हा द्यायला उरले होते फक्त मी. अमीनाने माझं झाकण उघडलं आणि मूठ मूठ वाटायला सुरुवात केली.

"घ्या गो, ताकदीच्या हायेत."

औषध असं शेंगदाण्यांसारखं वाटायचं नसतं. पण डबीचं कोण ऐकतं?

सगुणा धाटावच्या कारखान्यात पॅकिंगच्या कामाला जाते, कुठल्याही खोक्यावरचं वाचल्याशिवाय तिला चैन पडत नाही. इंग्रजी दिसल्यावर तिने मला अमीनाच्या मुलीपुढे धरलं. "माहिरा, काय लिवलंय गो?"

माहिरा आधी लाजली. मग स्पष्ट म्हणाली, "पाळी जायच्या वयातल्या बायकांसाठी."

ओटीवरच्या सगळ्या एकमेकींकडे बघू लागल्या. पहिली हसली ती सगुणाच. "मंग आपल्याच की! मला पंख्याखाली घाम फुटतो, तर घरातले म्हनतात हिला येड लागलंय."

मग बोलण्यात एकीची उडालेली झोप निघाली, एकीचे दुखरे गुडघे, एकीचं उगाच येणारं रडू. अमीना शेवटी बोलली. "माझी थांबतच नाय. पंधरा दिस झाले."

सगुणाचं हसू मावळलं. तिने बायकांच्या हातातल्या गोळ्या काढून परत माझ्यात टाकल्या. "डॉक्टरला इचारल्याबिगर कुनीच खायच्या नाय. आनी अमीना, तुझ्या ह्याला तर ह्या नाय चालायच्या. उद्या मी शिफ्ट बुडवते. दवाखान्यात जाऊ."

डॉक्टरीणबाईंनी मला उलटसुलट केलं, हाताळलेल्या गोळ्या फेकून दिल्या आणि मला बाजूला ठेवलं. अमीनाचं रक्त फार कमी झालं होतं. सोनोग्राफी झाली, वेगळे उपचार सुरू झाले. मला थोडं लागलं, पण बाई बरोबर होत्या.

काल शरीफचा व्हिडिओ कॉल आला. "गोळ्या संपल्या आसतील. दुसरी डबी धाडू?"

"डबी नको. आदी माझं ऐका," अमीना म्हणाली, आणि पहिल्या दिवसापासून सगळं सांगितलं. एकदाही मान खाली घातली नाही. त्या वेळी ती मला फार मोठी वाटली.

शरीफने फोन चेहऱ्याजवळ धरला. मग म्हणाला, "इतके दिस बोलली का नायस?"

"तुमी इचारलंत कधी?"

मला आता खुशाल टाकून द्या. फक्त माझ्यासारखी दुसरी डबी घ्यायला जाल, तेव्हा जिच्यासाठी घेताय तिला आधी विचारा.