ब्रशशेजारची जागा

“मुलगी बरी दिसली तरी मला विचारल्याशिवाय दम्याचा पंप बंद करू नका,” डॉक्टरांनी बजावलं होतं. मुलीच्या आईनं, सुमेधानं, मान हलवली आणि महिन्याभरात मला कपाटावर ठेवून दिलं.

मित्रांनो, मी एक जुना स्पेसर आहे. पंपातलं औषध छातीत नीट उतरावं म्हणून त्याला लावतात ती प्लास्टिकची फुगीर नळी. टेंभुर्णीच्या या घरात मी पाच वर्षांच्या साक्षीसाठी आलो. तिनं माझ्यावर पेनानं डोळे काढले, नाव ठेवलं सोंड्या.

पहिला आठवडा काय थाट! भिंतीवर तक्ता, मोबाईलवर गजर, रोज एक चांदणी. मग साक्षीचा खोकला थांबला आणि सुमेधाचा हुरूपही.

“लेकरू बराबर खेळून राह्यलं. मंग रोज कशाला ओढायचं ते?” आजी बेबीनंदा म्हणाल्या. सुमेधाला तेच ऐकायचं होतं.

कापूस वेचणीच्या दिवसांत घरभर कापसाची धूळ उडायची. तेव्हा एका सकाळी साक्षीला धाप लागली. बरगड्या आत ओढल्या जात होत्या, तोंडातून शब्द फुटेना. सुमेधा मला शोधत घरभर धावली. सापडलो तेव्हा माझ्यावर बोटभर धूळ. तशीच ती लेकीला घेऊन दवाखान्यात पळाली. वाफ दिल्यावर दुपारी साक्षी म्हणाली, “मम्मी, भूक लागली.” सुमेधा तिथंच रडली.

घरी आल्यावर ती पुन्हा तक्ता आखायला बसली. “उद्यापासून बिलकुल चुकणार नाही, आई.”

“राहू दे तुझा तक्ता,” बेबीनंदा म्हणाल्या. “मी बी चुकले, तू बी चुकलीस. दात घासायला कुणाला हुरूप येतो? तरी घासतोच ना? ह्याला ब्रशापाशी टांग. आधी पंप, मंग ब्रश.”

तसंच झालं. पाहुणे आले, सुमेधाला ताप आला, लाईट गेली. तरी मी रोज दोन वेळा साक्षीच्या तोंडाशी होतोच. एखादी वेळ चुकली तर पुढच्या वेळी गुपचूप सुरू. आठवड्यातून एकदा मला धुऊन वाऱ्यावर वाळवतात.

यंदा कापूस घरात आला, तरी साक्षी खो-खो खेळली. रात्री श्वास ऐकायला तिच्या पाठीला कान लावून बसायचं सुमेधानं कधी सोडलं, ते तिलाही कळलं नाही. आता माझी झडप सैल झालीय. माझ्या जागी नवा स्पेसर टांगलाय. मी निवांत आहे.

एक कराल? खेळाच्या तासाला तुमच्या वर्गातलं कुणी दम्यानं धाप लागून कडेला बसत असेल, तर आज त्याच्याजवळ जा. सकाळचा पंप घेतला का, विचारा. नाही म्हणाला, तर शाळा सुटल्यावर त्याच्या घरापर्यंत जा आणि त्याच्या आईला सांगा.