नायकाचा हात

सरपंच तांड्यावर आला तेव्हाच निर्मलाबाईला संशय आला. मतं मागायचे दिवस सोडले तर हा माणूस कधी तांड्याचा चढ चढलेला नाही, आणि आज एप्रिलच्या भर उन्हात, डोक्याला उपरणं गुंडाळून, आपल्या पायांनी आला. बाजेवर बसला, पाणी प्याला, वर गूळ मागून खाल्ला. निर्मलाबाई कुडाआड उभी राहून ऐकत होती.

"नायक, एक मेच्या ग्रामसभेत हायस्कुलाचा ठराव मांडून राहिलो," गोपीचंद सरपंच म्हणाला. "तुमच्या तांड्याजवळच्या गायरानातच शाळा. तुमी नुसता हात वर करा. तुमचा हात म्हंजे सगळा तांडा, हे काय आमाला ठाऊक न्हाई व्हय?"

नेमसिंग नायक, म्हणजे तिचा सासरा, खूश होऊन मिशीवरून बोटं फिरवायला लागला. सरपंच बोलला ते खरंच होतं म्हणा. या तांड्यात नायक बोलला की तांडा बोलला. त्याच्यामागून कुणी आपलं तोंड उघडलं तर अर्थ एकच, नायकाचा शब्द पुरेसा नाही. असा अपमान आजवर कुणी केला नव्हता. पण गावात सगळ्यांना माहीत होतं की त्याच गायरानावर सरपंचाच्या मेव्हण्याच्या संस्थेचा डोळा आहे. मग हा एवढा गोड का बोलतोय? निर्मलाबाईला ते गूळ खाणं काही केल्या गोड वाटेना.

शाळेची गरज कुणाला नव्हती? खाली गावात जिल्हा परिषदेचं एकच हायस्कूल. नववीच्या एका वर्गात एकशे अठरा लेकरं, दोघांच्या बाकड्यावर चौघं, उरलेली व्हरांड्यात. तांड्यावरच्या पोरी पाच किलोमीटर चालून जाणार, तोवर आतली जागा भरलेली. निर्मलाबाईची शिला आठवीचं अख्खं वर्ष खिडकीबाहेर बसून शिकली होती. आणि आता मुख्याध्यापकांनी फळ्यावर लिहून टाकलं होतं, जूनपासून नववीत ऐंशीच घेणार, आधी गावातली. म्हणजे तांड्यावरच्या अकरा पोरी घरी.

शिलाच्या बापानं, प्रेमदासनं, सरळ सांगितलं होतं. "शाळा झाली तर दोन वर्षं थांबतो. न्हाईतर जेठात लगीन. पाव्हणे किती दिवस वाट बघतेन?" शिलाला तेरा संपून चौदावं लागलं होतं. निर्मलाबाईला स्वतःचं लग्न आठवायचं आणि जीव नुसता कासावीस व्हायचा.

दोन दिवसांनी पुसेगावच्या बाजारात शिलाचे मोहियोद्दीन सर भेटले. इकडे तिकडे बघून हळूच म्हणाले, "बाई, एक गोष्ट नायकांच्या कानावर घाला. ग्रामसभेत एकेक हात अलग मोजतात. नायकांचा हात एकच धरतील, बराबर एक. तांड्यावरच्या सगळ्यांनी हात वर केले पाहिजेत."

"मंग सर, तुमीच सांगा ना त्यांना."

"मी सरकारी माणूस. तांड्यावर दिसलो तर सरपंच माझी बदली करून टाकील. तुमी सांगा. विसरू नका."

विसरते कशाची! घरी येईस्तोवर तिच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. रात्रीच्या भाकरी थापता थापता तिनं प्रेमदासला सांगितलं. तो हसायलाच लागला. "बापूला मी मोजणी शिकवू? जीभ हासडून हातात देईल माझी! सरपंच सोता येऊन सांगून गेला ना?" मग तिनं शेजारच्या मिराबाईला सांगून पाहिलं. ती तर कानावर हात ठेवून उठूनच गेली.

राहिला सासरा. सतरा वर्षं झाली होती या घरात येऊन, पण निर्मलाबाई सासऱ्यापुढे एक शब्द बोलली नव्हती. सून सासऱ्याशी बोलत नाही, पदर तोंडावरून हलू देत नाही, ही रीत. एक मेच्या सकाळी ती धीर करून पाण्याचा तांब्या घेऊन त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. नेमसिंग नवा फेटा बांधत होता. शिला त्याच्या पायाशी बसून फेट्याचं टोक धरून होती आणि दोघांची काहीतरी थट्टा चालली होती. निर्मलाबाईचे ओठ हलले, आवाज फुटला नाही. तिनं तांब्या खाली ठेवला आणि परत आत आली. आग लागो असल्या रीतीला!

ग्रामसभा मारुतीच्या पारासमोर भरली. तांड्यावरून सत्तर माणसं उतरली होती. ऊसतोडीहून सगळे परत आलेले, त्यामुळे झाडून सगळी बाया-माणसं धुतलेले कपडे घालून आली होती. वारा पडलेला, पिंपळाचं पान हलत नव्हतं. सरपंचानं तांड्याला सगळ्यात पुढे बसवलं, नायकाला खुर्ची दिली. एवढा मान बघून निर्मलाबाईला आणखीच भीती वाटली.

भांडण झालंच. पाटील आळीतला एक म्हातारा उठला. "आमच्या पोरी का तांड्यावर शिकायला जायच्या? आन् गायरान गेलं तर आमची जनावरं तुमच्या शाळेत बांधू का?" लोक हसले. मग हाशिम बांगडीवाला उठला. "हसा, हसा. माझी आलिया सालभर खिडकीबाहेर उन्हात बसली. तिला घेरी आली तवा तुमी कुठं होते? सरकार शाळा देऊन राहिलं, दोन एकर जागा द्यायला तुमाला काय तकलीफ?" त्यावर संस्थेवाल्या मेव्हण्याची माणसं ओरडायला लागली. सरपंच मात्र शांत. त्यानं दोन्ही बाजूंना बोलू दिलं आणि मग ग्रामसेवकाला म्हणाला, "घ्या हात."

"शाळेला जागा द्यावी म्हणणाऱ्यांनी हात वर करा."

नेमसिंग नायक खुर्चीतून उठला आणि त्यानं उजवा हात सरळ वर धरला. मागे तांडा मांडीवर हात ठेवून ताठ बसला होता. सगळ्यांचे डोळे नायकाकडे, चेहऱ्यांवर अभिमान. ग्रामसेवक बोट नाचवत मोजत निघाला. हाशिमचा हात, त्याच्या आळीचे हात, गावातल्या गरिबांचे हात. नायकाचा एक. तांड्यापाशी येऊन त्याचं बोट थांबलं, आणि तो पुढे सरकला.

निर्मलाबाईनं हात वर केला. खरंच केला, खांद्यापर्यंत तरी गेलाच होता. मिराबाईनं तिचं मनगट पकडून खाली ओढलं. "नायकाच्या हातावर हात? सून हायस की कोण?" आजूबाजूच्या बायांनी वळून पाहिलं, प्रेमदासनं डोळे वटारले, आणि निर्मलाबाईचा हात मांडीवर पडला तो पडलाच.

"बाजूनं चौतीस," ग्रामसेवक म्हणाला. "विरोधात एक्कावन्न. ठराव नामंजूर."

नेमसिंग अजून हसतच होता. त्याला वाटलं मोजणी चालूच आहे. "आन् माझा तांडा?" त्यानं विचारलं. "सत्तर माणूस हाय माझं."

"हात वर नव्हते ना, नायक," सरपंच अगदी मऊ आवाजात म्हणाला. "जे दिसलं ते लिवलं. आता मी काय करू, सांगा?" आणि त्यानं ग्रामसेवकाला पुढचा विषय वाचायला सांगितला. पुढचा विषय गायरान मेव्हण्याच्या संस्थेला देण्याचा होता.

सभा मोडली, तांडा परत चढ चढायला लागला. अर्ध्या वाटेवर नेमसिंग थांबला, वळला, आणि त्यानं सगळ्या तांड्यावरून नजर फिरवली. एका दुपारीत माणूस केवढा म्हातारा दिसायला लागला होता!

"एकेक हात मोजतेत, हे कुणाला ठाऊक व्हतं का?"

सगळे जमिनीकडे बघत राहिले. प्रेमदाससुद्धा. मग निर्मलाबाईनं सतरा वर्षांत पहिल्यांदा सासऱ्यासमोर तोंड उघडलं.

"मला ठाऊक व्हतं. सरांनी सांगितलं व्हतं."

बाया दचकल्या. नेमसिंगनं रागवावं, शिव्या द्याव्यात, असं तिला फार वाटत होतं. पण त्यानं हळूच विचारलं, "मंग मला काहून सांगितलं न्हाईस, पोरी?"

"तुमच्यापुढं कशी बोलू?"

प्रेमदास घसा खाकरून म्हणाला, "गुरुवारी पाव्हण्यांना बोलावतो," आणि नायकानं त्याला नाही म्हटलं नाही. जो तो पुन्हा चालायला लागला.

शिला मात्र जागची हलली नाही. आईकडे बघत उभी राहिली. रडत नव्हती, रडली असती तर निर्मलाबाईला बरं वाटलं असतं.

"याडी, तू माझ्या बापाला सांगितलंस?"

"व्हय."

"मिराबाईला पण?"

"व्हय गं."

"मी रोज आजापाशी बसते. सकाळी त्याच्या फेट्याचं टोक मीच धरलं व्हतं. माझं तो सगळं ऐकतो." शिला आईच्या अगदी समोर आली. "मला काहून सांगितलं न्हाईस?"

सर भेटल्या दिवसापासून निर्मलाबाईनं सगळा तांडा मनात पालथा घातला होता, कुणाला सांगू, कुणाला सांगू. ज्या पोरीसाठी जीव तुटत होता तिला सांगावं, हे एकदाही तिच्या मनात आलं नव्हतं.