क्रोकहोल्मला कोणीच चढत नाही

मी जोडणी बोलतेय. नळाची नाही, विजेचीही नाही. तेवढी उपयोगी असते तर लोकांनी मला निदान ओळखलं असतं. मी एका सर्व्हरमधली चार ओळींची नोंद आहे: कुठे जायचं, तिथल्या कुठल्या डेटाबेसचं दार ठोठावायचं, कोणाचं नाव सांगायचं आणि पासवर्ड कोणता द्यायचा. एवढंच माझं शरीर आणि एवढीच माझी अक्कल. अहवालाला आकडे हवे झाले की तो मला पिटाळतो. मी धावत जाते, मिळेल ते आणते आणि त्याच्या पुढ्यात ठेवते. आणलेलं खरं की खोटं हे बघायची सोय माझ्यात नाही. असती तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती.

नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर बेटाबेटांतून माणसं ने-आण करणाऱ्या एका लहानशा बोट कंपनीत माझा जन्म झाला. समुद्र मात्र मी कधी पाहिला नाही. आमचा सर्व्हर कचेरीतल्या एका कपाटात राहतो आणि कपाटाला लागूनच कॉफीचं यंत्र आहे. जगाबद्दल मला जे काही कळतं ते सगळं तिथे कप हातात धरून बोललेलं.

मला घडवलं तोरगुनने. कंपनीचे संगणक सांभाळणारी ती एकटीच. पंचावन्नच्या पुढची, कामाला चोख, एरवी प्रत्येक गोष्ट दोनदा तपासणारी. पण मी जन्मले ईस्टरच्या सुट्टीच्या आदल्या दुपारी. कचेरी रिकामी झाली होती. सगळे डोंगरातल्या आपापल्या लाकडी घरांकडे पळाले होते. तोरगुनच्या पाठपिशवीत संत्री आणि दोन जाड रहस्यकथा भरून तयार होत्या, आणि खाली गाडीत बसलेला नवरा तिसऱ्यांदा फोन करत होता.

"अगं, रस्ता तुंबला तर रात्र होईल पोचायला!"

"आले रे, दोनच मिनिटं!"

त्या दोन मिनिटांत माझं शिक्षण, संस्कार सगळं उरकलं. आठवडाभर ती नव्या अहवालांची चाचणी एका सरावाच्या डेटाबेसवर घेत होती, त्यामुळे बोटांना तोच पत्ता पाठ झाला होता. खऱ्या डेटाबेसचा पत्ता लिहायचा तिथे तिने सवयीने सरावाचा लिहिला आणि तपासणीचं बटण दाबलं. मी गेले, दार ठोठावलं, दार उघडलं. पडद्यावर हिरवी खूण उमटली: जोडणी यशस्वी.

पहिल्याच प्रयत्नात पास! मी इतकी फुशारले म्हणून सांगू. कोणत्या विषयात पास झाले, हे मात्र कोणी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. कारण मलाच माहीत नव्हतं.

आता हे सरावाचं घर कसं होतं ते सांगते, म्हणजे माझा गाढवपणा नीट कळेल. आमच्या बोटींवरचे कप्तान प्रत्येक धक्क्यावर किती माणसं चढली ते एका छोट्या यंत्रात दाबतात. ते आकडे रोज पहाटे सरावाच्या घरातही येऊन पडत. म्हणून तिथली माहिती ताजी दिसे. पण धक्क्यांची यादी? ती आदल्या वर्षी एकदाच उतरवून घेतली होती आणि नंतर तिला कोणी हात लावला नव्हता.

मधल्या काळात, जानेवारीच्या वादळात, क्रोकहोल्म नावाच्या बेटाचा जुना धक्का समुद्राने मोडून नेला. बेटाच्या दुसऱ्या अंगाला नवा धक्का बांधला गेला. जुन्याचा क्रमांक अकरा होता, नव्याला सत्तावीस मिळाला. खऱ्या यादीत सत्तावीस होता. माझ्या यादीत नव्हता. त्यामुळे क्रोकहोल्मला चढणारा प्रत्येक माणूस माझ्या हाताला लागे, पण त्याला ठेवायला कप्पाच सापडत नसे, आणि अहवाल त्याला चुपचाप गाळून टाकी. अकरा क्रमांकापुढे मात्र मी इमानदारीत लिहीत असे: शून्य.

दर सोमवारी सकाळी हाल्वर, आमचा व्यवस्थापक, अहवाल छापून घेई. नीटनेटका, रंगीत. क्रोकहोल्म: शून्य. पुढच्या सोमवारी शून्य. मे महिन्यात शून्य, जूनमध्ये शून्य.

"काय सुबक अहवाल आहे गं तोरगुन!" तो कॉफी ओतताना म्हणाला. "पूर्वी दोन दिवस आकडेमोड करत बसायचो. आता बघ, एका नजरेत कळतं कुठली बोट फुकट हिंडतेय."

मी कपाटात फुलून गेले. स्तुती ऐकायला कान लागत नाहीत, हे मला त्या दिवशी कळलं.

ऑगस्टमध्ये क्रोकहोल्मच्या धक्क्यावर कागद लागला: एक ऑक्टोबरपासून या धक्क्यावर बोट थांबणार नाही.

त्या बेटावर बाराही महिने राहणारी माणसं अकरा. त्यांतले एक आर्विद. मूत्रपिंडं निकामी झालेली, आठवड्यातून तीनदा डायलिसिससाठी बोटीने शहरातल्या रुग्णालयात जाणारे. बोट बंद म्हणजे आर्विदचं बेट बंद. त्यांनी कोणाशी भांडण केलं नाही. शहरात दोन खोल्यांचं घर बघितलं आणि आपल्या चौदा मेंढ्या दुसऱ्या बेटावरच्या पुतण्याला देऊन टाकल्या. हे मला फार उशिरा कळलं. तोवर मी रोज डुलत डुलत शून्य आणत होते.

त्यांची शेजारीण बोर्गहिल मात्र गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. बोर्गहिलबाई निवृत्त शिक्षिका. किनाऱ्यावरच्या निम्म्या लोकांना त्यांनीच बेरीज-वजाबाकी शिकवली होती, हाल्वरसुद्धा त्यांतलाच. त्यांनी फोन केला तेव्हा हाल्वर कॉफीच्या यंत्रापाशीच उभा होता, आणि बाईंचा आवाज वर्ग आवरणारा, त्यामुळे मलाही सगळं ऐकू आलं.

"हाल्वर, हा कागद कोणी लावला रे?"

"बाई, निर्णय कंपनीच्या संचालक मंडळाचा आहे. फेब्रुवारीपासून तुमच्याकडे एकही माणूस चढलेला नाही."

"मी मंगळवारी चढले होते."

"अहवालात शून्य आहे, बाई."

"मग मी कोण? भूत?"

"तसं नाही हो… पण यंत्र काही मुद्दाम खोटं सांगत नाही."

"उद्या येते," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सव्वानऊच्या बोटीने त्या आल्या, आणि सोबत क्रोकहोल्मचं अख्खं बेट. दोघं पाळीव जनावरांसाठी मागे राहिले, बाकी नऊ जण आमच्या कचेरीत. बाईंनी डबाभर वाफल, म्हणजे जाळीदार गोड घावन, आणि तपकिरी चीज आणलं होतं. भांडायला जाताना उपाशी जाऊ नये, असं त्यांचं मत असावं. बोटीचा कप्तान रेइदार यालाही त्यांनी टोपीसकट धरून आणलं होतं.

"मोज," बाई हाल्वरला म्हणाल्या.

"बाई, असं काय करता…"

"मोज म्हणते ना. लहानपणी बोटांवर मोजायचास, आताही चालेल."

हाल्वरने कानापर्यंत लाल होत मोजलं. नऊ.

"आता रेइदारला विचार."

"नऊच," रेइदार म्हणाला. "मी स्वतः दाबलं यंत्रात. दर वेळी दाबतो. आर्विद तर सोमवार, बुधवार, शुक्रवार ठरलेले. त्यांच्याशिवाय आठवडा झालाच नाही कधी."

एवढ्यात तोरगुन आली. वाफल तसंच हातात धरून तिने विचारलं, "रेइदार, तुझ्या यंत्रात क्रोकहोल्मचा क्रमांक कुठला?"

"सत्तावीस. जुना धक्का गेला ना वादळात, तेव्हापासून."

तोरगुनने अहवाल पाहिला. अकरा. सत्तावीसची ओळच नाही. तिने वाफल खाली ठेवलं, खुर्ची ओढली आणि पाच महिन्यांत पहिल्यांदा मला उघडलं.

माझ्या चार ओळी वाचायला किती वेळ लागणार? पहिल्याच ओळीवर तिची नजर थांबली. मला मान खाली घालावीशी वाटली, पण मान नव्हती. अहवालावर ढकलावं असं मनात आलं. यादीवर, वादळावर, कोणावरही. मग आठवलं, स्तुतीच्या वेळी मी यांतल्या कोणाचंही नाव घेतलं नव्हतं.

"म्हणजे यंत्राचीच काहीतरी गडबड झाली," हाल्वर सुटकेचा निःश्वास टाकत म्हणाला. तो तिला वाट करून देत होता. त्या वाटेने ती निसटली असती तर कोणाला कळलंही नसतं.

"नाही," तोरगुन म्हणाली. "यंत्राने मी सांगितलं तेच केलं. पत्ता मी चुकीचा लिहिला. खऱ्याऐवजी सरावाचा. आणि हिरवी खूण दिसली म्हणून पुढे तपासलं नाही. चूक माझी आहे."

"छापत मी होतो," हाल्वर म्हणाला. "दर सोमवारी. एकदाही बेटावर फोन केला नाही."

आर्विद खिडकीपाशी बसले होते. ते शांतपणे म्हणाले, "चला, म्हणजे मी होतो तर."

त्यावर सगळे हसले, पण तोरगुन हसली नाही. ती उठून त्यांच्यापाशी गेली आणि म्हणाली, "मला माफ करा." त्यांनी तिच्या हातावर थोपटलं. "मेंढ्या काही परत मागता येणार नाहीत," ते म्हणाले, "पुतण्याच्या मुलींनी एकेकीला नाव दिलंय."

मग माझी दुरुस्ती सुरू झाली, आणि माझा उरलासुरला तोराही उतरला. नवा पत्ता लिहिला, तपासणी: नापास. खऱ्या घराच्या भिंतीत माझ्यासाठी दारच उघडलेलं नव्हतं. ते उघडून घेतलं, पुन्हा तपासणी: नापास. माझं नाव तिथे कोणाला ठाऊक नव्हतं. नाव नोंदवलं, फक्त वाचायची परवानगी दिली. मी नको तिथे लुडबुड करू नये म्हणून, आणि ते योग्यच. पुन्हा तपासणी: पासवर्डात एक अक्षर कमी. चौथ्या खेपेला हिरवी खूण आली.

"झालं?" हाल्वरने विचारलं.

"दार उघडलं एवढंच कळलं," तोरगुन म्हणाली. "आत कोण राहतं ते अजून बघायचंय."

तिने रेइदारला एक कोरी वही दिली. आठवडाभर त्याने यंत्रात दाबलं तेच वहीतही लिहिलं. सोमवारी वही आणि अहवाल शेजारी शेजारी ठेवले. सोमवार चार आणि चार. मंगळवार सात आणि सात. बुधवार पाच आणि पाच. असं रविवारपर्यंत. मग हाल्वर स्वतः बोटीने क्रोकहोल्मला गेला आणि धक्क्यावरचा कागद काढून आला. बाईंनी म्हणे त्याला त्याच कागदाच्या मागे फेब्रुवारीपासूनची बेरीज करायला लावली.

आर्विदने शहरातल्या दोन खोल्या सोडल्या आणि ते बेटावरच राहिले. गोठा रिकामाच आहे.

मी अजून त्याच कपाटात आहे. दर नव्वद दिवसांनी माझा पासवर्ड बदलतात, आणि अधूनमधून तोरगुन वही आणि अहवाल शेजारी ठेवते. अविश्वास दाखवते म्हणून पूर्वी मला राग आला असता. आता बरं वाटतं. माझी जागा घ्यायला उद्या दुसरी कोणी येईल. तिला बनवणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे: खूण हिरवी झाली की लगेच पाठपिशवी उचलू नका. तिने आणलेल्या आकड्यांतल्या एखाद्या माणसाला फोन करा, आणि तो खरंच आहे का ते विचारा.

परवाच्या जानेवारीत एका गुरुवारी मी क्रोकहोल्मपुढे आकडा आणून ठेवला आणि माझी मीच गारठले. शून्य. पुन्हा गेले असते, पण मला कोणी पुन्हा पाठवल्याशिवाय जाता येत नाही. तोरगुनने तो आकडा पाहिला आणि कॉफी तशीच ठेवून फोन लावला.

"बोर्गहिलबाई, आज तुमच्याकडून कोणीच चढलं नाही असं दिसतंय. बरोबर आहे का?"

पलीकडे वारा घोंघावत होता आणि मागे ताटल्यांचा, हसण्याचा आवाज येत होता.

"बरोबर आहे गं बाई! वारा बघ केवढा सुटलाय. सगळे माझ्याच घरी आहेत. आर्विदने माशांचं सूप केलंय, अकराच्या अकरा जण जेवायला बसलोय. कोण कशाला मरायला बोटीत चढतंय?"

तोरगुनने फोन ठेवला आणि ते शून्य तसंच राहू दिलं.

ते माझं पहिलं खरं शून्य.