बिनभिंतींची वाघीण

निताने मालगाडीची वाघीण, म्हणजे वॅगन, लाकडात घडवली, तेव्हा तांड्यातल्या कित्येकांना ती अर्धवटच वाटली. ना भिंती, ना छप्पर. चाकांवर नुसता फळ्यांचा पाट. पण मीटरगेजच्या काळात रूळ, लाकडं, मशिनी वाहायला अशाच सपाट वाघिणी असत.

निता जन्मली ती असल्याच एका वाघिणीवर. पुरानं सडक तुटली, गाड्या थांबल्या, आणि तिची माय मोतीबाई बाळंतपणात अडली. बाप थावरा रेल्वेच्या रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगमध्ये. त्यानं सोबत्यांना घेऊन बायकोला वाघिणीवर निजवलं आणि ढकलत स्टेशनाकडं नेलं. स्टेशन यायच्या आधीच पोरगी झाली. पुढं बायका मोतीबाईला टोमणे मारत राहिल्या, बाप्यांसमोर उघड्यावर बाळंत झाली म्हणून. मोतीबाई खाली मान घालून ऐकायची.

थावरा वारला, लाईन ब्रॉडगेज झाली, वाघिणी भंगारात गेल्या. निता सुतारकाम शिकली होती. जुना फोटो समोर ठेवून तिनं सागवानाच्या तुकड्यांतून वाघीण केली. दोन रुळांमधलं मीटरभर अंतर पाच सेंटिमीटरवर आणलं.

हिंगोलीत जुन्या रेल्वेचं प्रदर्शन भरलं. ते भरवणाऱ्या सोमेश्वररावांनी वाघीण मागून नेली. उद्घाटनाला निता मायला घेऊन गेली, तर वाघिणीला थर्माकोलच्या सोनेरी भिंती चिकटवलेल्या, आत प्लास्टिकची फुलं.

"उघडंबोडकं बरं दिसत नव्हतं," सोमेश्वरराव म्हणाले.

टेबलावरची लोखंडी पट्टी उचलून, पाहुण्यांच्या देखतच निता एकेक भिंत उचकटू लागली. सोमेश्वरराव तापले. ठेवायची तर सजवून ठेवा, नाहीतर उचला, असं त्यांनी सुनावलं.

"उचलते," निता म्हणाली. "पन भिंती लागनार न्हाईत."

तिनं वाघीण नेऊन प्रदर्शनाच्या फाटकाबाहेरच्या ओट्यावर मांडली. सोमेश्वररावांनी माणूस पाठवून तिथूनही उठायला सांगितलं. निता हलली नाही.

येणारेजाणारे थांबू लागले. ही गाडी रिकामी काहून, असं एका बाईनं विचारलं. निता तोंड उघडणार, तोच मोतीबाईनं डोक्यावरचा पदर मागं सारला.

"रिकामी न्हाई बाई. हिच्यावर मी बाळंत झाले, भर दिवसा. गँगची मानसं वाघिनीला पाठ लावून, उलट्या पावलानं ढकलत होती. एकानंबी वळून पाह्यलं न्हाई."

गर्दीत मागच्यांना ऐकू गेलं नव्हतं, म्हणून मोतीबाई उभी राहिली आणि अजून मोठ्यानं सांगू लागली.